शर्वरीच्या खोलीतल्या विजेच्या तव्याबाबत

पुरवणी जबाब

दिनांक २७ जानेवारी २०२५, सोमवार. सुरुवात दुपारी १२ वाजून १० मिनिटे.

नाव : पद्मावती हणमंतराव बिराजदार. वय ६४ वर्षे. धंदा : निवृत्त शिक्षिका, जामबागेतल्या एका शाळेत प्राथमिक वर्गांना मराठी, एकतीस वर्षे. राहणार : दुसरा मजला, मारुतीच्या देवळामागची इमारत, अंबरपेठ, हैदराबाद. मूळ गाव उदगीरजवळ. तेलुगू समजते, लिहिता येत नाही. म्हणून हा जबाब हेड कॉन्स्टेबल हिम्मतराव, मूळचे आदिलाबादकडचे, यांनी मराठीत लिहून घेतला असून तेलुगू तर्जुमा नंतर जोडण्यात येईल.

मी आज कोणी बोलावले नसताना, घरून ऑटोने एकटी येऊन, समोर बसून सांगते की,

दिनांक २२ रोजी दवाखान्यात माझा पहिला जबाब घेण्यात आला. त्यात, आग लागली तेव्हा मी माझ्या खोलीत झोपले होते, असे मी सांगितले. ते खोटे आहे. मी दुपारी झोपत नाही, इमारतीत कोणालाही विचारावे. तो जबाब बाजूला ठेवून आजचा खरा धरावा.

हे माझ्यावर उलटू शकते, याची समज हिम्मतराव यांनी मला तीनदा दिली. ते म्हणाले, "मावशी, हात दाखवून अवलक्षण कशाला? पोरीनं स्वतः सांगितलंय ना, माझ्या हातून झालं म्हणून. मिटलंय समदं." मी म्हणाले, मिटलेले नाही. आज दुपारी चार वाजता माझी सून शर्वरी हिच्या उजव्या हाताचे ऑपरेशन आहे. मांडीची कातडी काढून हातावर लावणार आहेत. आणि पाच वाजता आमच्या घरी भंगारवाला येणार आहे. त्याला माझ्या मुलाने बोलावले आहे. या दोन्हीच्या आत हे कागदावर यायला हवे, म्हणून जरा भराभर लिहावे, पण वाचता येईल असे लिहावे, अशी मी विनंती केली.

घरात आम्ही तिघे. माझे यजमान सहा वर्षांपूर्वी वारले. मुलगा गौतम, वय ३६, एका कंपनीत नोकरीला आहे. त्याचा जन्म आणि शाळा इथलीच. घटनेच्या दिवशी तो कामानिमित्त बंगळूरला होता. शर्वरी, वय ३३, पुण्याची. तिचे आईवडील हेमंत आणि रंजना तिथेच असतात. ती कॉम्प्युटरच्या नोकरीत होती. चार वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून तिने घरी मेणाची चित्रे काढायला सुरुवात केली. हे काम काय आहे ते पंचनामा करणाऱ्या साहेबांना समजले नव्हते. मलाही दोन वर्षे समजले नव्हते, त्यामुळे त्यांना दोष देत नाही.

काम असे आहे. मधमाशीचे मेण वितळवायचे, त्यात राळ घालायची म्हणजे ते कडक होते आणि त्याला चमक येते. त्यात रंगाची पूड मिसळायची. ते गरम असतानाच ब्रशने लाकडाच्या फळीवर लावायचे. ते लगेच थिजते. मग त्यावरून आच फिरवायची, म्हणजे वरचा थर खालच्या थराला धरतो. मग पुन्हा थर. आमच्या गावी भिंतीला पोतेरे द्यायचे तसेच, थरावर थर. तीस-चाळीस थर झाले की ती ते खरवडायला बसते आणि खालचे रंग वर काढते. मी तिला विचारले होते, खरवडायचेच होते तर लावलेस कशाला. ती हसली होती.

तिची खोली मागच्या बाजूला, धुण्याच्या जागेला लागून आहे. पूर्वी तिथे माझे गव्हा-ज्वारीचे डबे असत. ती खोली सुनेला द्यायला मी राजी नव्हते. पंचनाम्यात त्या खोलीतल्या सामानाला 'ज्वालाग्राही व संशयास्पद साहित्य' असे म्हटले आहे. ते दुरुस्त करावे. पांढऱ्या-पिवळ्या खड्यांची पिशवी ही राळ आहे. बाटल्यांतली पूड रंगाची आहे. केस वाळवायच्या यंत्रासारखे दिसते ते गरम हवा सोडण्याचे यंत्र. लहान गॅसची नळकांडी लावलेली बंदूक म्हणजे आच फिरवायचा टॉर्च, हलवाई आणि केकवालेही तो वापरतात. वाकड्या टोकांची हत्यारे दातांच्या डॉक्टरांची जुनी आहेत, कोटीच्या बाजारातून आणलेली, खरवडायला. उस्मानिया बिस्किटांच्या डब्यांत घट्ट झालेला रंग आहे आणि प्रत्येक डब्यात त्याच रंगाचा ब्रश रुतून बसला आहे. ते असेच ठेवतात. डबा तापला की ब्रश सुटतो. ओढून काढू नयेत, दांडे तुटतात. ब्रश डुकराच्या केसांचे आहेत, कारण नायलॉनचे तव्यावर वितळतात. हे कळल्यापासून मी आंघोळीनंतर पूजा होईस्तोवर त्या खोलीकडे फिरकत नव्हते.

जप्त केलेला विजेचा तवा हा तिच्या कामाचा मुख्य भाग आहे. त्याच्या बटणावर लाल नेलपॉलिशची एक रेघ आहे. त्या रेघेच्या पुढे तिने चार वर्षांत एकदाही बटण नेलेले नाही. तव्यावरच्या डब्यात, हलवाई पाकासाठी वापरतात तसला थर्मामीटर लावलेला असे. खिडकी उघडी, पंखा बाहेर हवा फेकणारा, अंगावर सुती कपडे, केस बांधलेले. तव्यामागे भिंतीवर तिने ठळक अक्षरांत कागद चिकटवला होता : 'पेटल्यास पाणी ओतू नये. झाकण ठेवावे. मग बटण बंद करावे.' झाकण त्याच कागदाखाली खिळ्याला टांगलेले असे. त्या कागदावर मी एकदा लाल पेनाने 'छान अक्षर' असे लिहिले होते. तो कागद मी शंभर वेळा वाचलेला आहे. हे मुद्दाम लिहून घ्यावे.

खालच्या मजल्यावरच्या त्रिवेणी यांनी पोलिसांना सांगितले की मी शर्वरीला 'एक दिवस घर जाळशील' असे म्हणाले होते. ते खरे आहे. एकदा नाही, दोनदा म्हणाले. पहिल्यांदा जिन्यात, दुसऱ्यांदा संक्रांतीला, हळदीकुंकवाला बायका बसलेल्या असताना. तिळगुळ हातावर ठेवून वर हे बोलले.  शर्वरीने उठून सगळ्यांना चहा आणून दिला.

माझा स्वभाव कडक आहे. मी घरात एक नियम घातला होता की माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या गॅसवर, मेण आणि राळ चढणार नाही. कारण तिने पहिल्याच महिन्यात माझे जुने इडलीपात्र उचलले होते. मेण-राळ वितळवून त्यात ओतायची आणि थंड झाल्यावर इडल्यांसारख्या पिवळ्या वड्या काढून ठेवायची. मी दोन दिवस बोलले नाही तिच्याशी. तिने नवे इडलीपात्र आणून दिले, तेही मी आठवडाभर वापरले नाही. आमच्यात म्हणतात ना, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसली मी.

पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. तिने ज्या दिवशी पहिल्यांदा राळ वितळवली, त्या वासाने मी धुण्याच्या जागेत उभी राहिले ती उभीच राहिले. माझी आई हिवाळ्यात मलम करायची. मेण, राळ आणि करडईचे तेल. रानात काम करणाऱ्या बायकांच्या टाचांना भेगा पडत, रक्त येई, त्यांच्यासाठी. घरभर तोच वास. आईला जाऊन तीस वर्षे झाली. तो वास माझ्या घरात पुन्हा आला तो सुनेच्या खोलीतून, आणि मी तिला काय म्हणाले? दार लावून घे, म्हणाले.

(इथे जबाब देणाऱ्या बाईंनी वेळ विचारली. १२ वाजून ५० मिनिटे झाल्याचे सांगितले. पाणी देऊ केले. घेतले नाही.)

मंगळवार दिनांक २१ रोजीची हकीकत खालीलप्रमाणे आहे.

सकाळी शर्वरी फरशी पुसत होती. ती दिवसभर त्या खोलीत उभी राहून काम करते. तिच्या टाचा मी पाहिल्या. दोन्ही टाचांना भेगा होत्या आणि उजव्या टाचेचा डाग ओल्या फरशीवर उमटत होता. मी विचारले, "दुखत नाही का गं?" ती म्हणाली, "अहो आई, होतं थंडीत. जाईल." मी जास्त बोलले नाही. मनात ठरवले की हिला आईचे मलम करून द्यायचे. सांगायचे नाही, नुसते वाटीत नेऊन ठेवायचे. संक्रांतीला जे बोलले होते त्याचे मला लागून राहिले होते, हेही लिहावे.

दुपारी दीड वाजता शर्वरी गौलीगुड्याला तिच्या सुताराकडे फळ्या कापून आणायला गेली. जाताना तिने तवा बंद केला आणि प्लग काढून ठेवला. मी पाहिले. ती तवा चालू ठेवून गेली नव्हती. तिने दवाखान्यात जे सांगितले ते मला वाचवण्यासाठी सांगितले.

सव्वादोनच्या सुमारास मी तिच्या खोलीत गेले. स्टीलच्या डब्यातून मेण-राळेच्या दोन वड्या घेतल्या. स्वयंपाकघरातून वाटीभर करडईचे तेल घेतले. हिम्मतराव यांनी विचारले की हे सगळे आपल्याच गॅसवर का केले नाही, गॅसवर तुमचा हात बसलेला असता. कारण माझ्या गॅसवर मेण चढणार नाही, हा माझाच नियम होता. मी सुनेसमोर चार वर्षे तो मिरवला होता. घरात कोणी नव्हते तरी माझ्याच्याने तो मोडवेना. म्हणून मी तिच्या तव्याचा प्लग लावला.

वड्या तव्यावरच्या रिकाम्या डब्यात टाकून बटण रेघेवर ठेवले. रेघ मी पाहिली होती. वड्या वितळल्या, तेल मिसळले. पंधरा मिनिटे झाली तरी उकळी नाही. आईच्या मलमाला फेस यायचा, फेस चढायचा, बसायचा, तेव्हा ते झाले असे समजायचे. इथे नुसते पिवळे पाणी, हलेना की बुडबुडेना. मला वाटले, ही रेघ तिच्या रंगांपुरती असेल, मलमाला काय तिचे. एकतीस वर्षे मुलांना सांगितले की फळ्यावर लिहिलेले आधी वाचा. मी बटण शेवटपर्यंत फिरवले. झाकण बाजूला होते. थर्मामीटर मी काढून ठेवला होता, चमचा फिरवायला मध्ये येत होता म्हणून.

मग मलम गाळायला मलमलचे फडके शोधायला मी माझ्या कपाटाकडे गेले. फडके लवकर सापडले नाही. मी नक्की किती वेळ गेले होते ते सांगता येत नाही. दहा मिनिटे असतील. परत आले तेव्हा डब्यातून पांढरा धूर सरळ वर जात होता. मी दारात असतानाच तो पेटला.

त्यानंतर मी जे केले ते स्पष्ट सांगते. कागद माझ्या समोर होता. झाकण हाताच्या अंतरावर होते. काय करायचे ते मला माहीत होते. तरी मी मागे वळून धुण्याच्या जागेतली अर्धी बादली उचलली. आग दिसली की हात पाण्याकडे जातो, डोके नंतर पोचते. आमच्या रानात आग लागली की बायका हेच करायच्या. त्याच वेळी बाहेरच्या दारात किल्ली फिरली आणि शर्वरी आत आली. तिने धूर पाहून धावत येता येता हाक मारली, "आई, पाणी नाही! झाकण!" मी ते ऐकले. तोवर बादली उपडी झाली होती.

आग छताला टेकली. आवाज झाला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला. माझ्या अंगावर काही आले नाही, कारण शर्वरीने मला खांद्याने बाजूला ढकलले होते. तिच्या हातात गौलीगुड्याहून आणलेली नवी फळी होती. तिने ती फळी दोन्ही हातांनी डब्यावर दाबून धरली. पेटलेले मेण तिच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत उडाले होते आणि तिथेच चिकटले होते. तशीच ती फळी दाबून उभी राहिली. मला म्हणाली, "आई, बटण." मी बटण बंद केले. मग ती म्हणाली, "प्लग." मी प्लग काढला. फळीच्या कडांतून धूर येईनासा झाल्यावर तिने फळी सोडली आणि स्वतःच नळाकडे गेली. हात माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "आई, आता पाणी."

नळ मी सोडला. तिच्या हातावरचे मेण मी ओढायला गेले, तेव्हा ती म्हणाली, "काढू नका. कातडी येईल. डॉक्टर काढतील." त्या वेळी ती ओरडली नाही, रडली नाही. तिचे दात वाजत होते. मी रडत होते. त्रिवेणी धावत वर आल्या. "क्या हुआ अम्मा? कित्ता धुआँ!" असे म्हणून त्यांनी शर्वरीचा हात पाहिला आणि तशाच खाली पळाल्या. ऑटो त्यांनीच आणला. मी ओली चादर घेऊन ऑटोत बसले. त्रिवेणी पुढे ड्रायव्हरजवळ बसल्या.

ऑटोत शर्वरी माझ्या कानाशी म्हणाली, "अहो आई, मी तवा चालू ठेवून गेले होते. तुम्ही झोपला होता. लक्षात ठेवा. तुमचं नाव आलं तर पोलीस ऐकणार नाहीत आणि माझे आई-बाबा त्याहून नाहीत." मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. सुनेचे भाजणे म्हटले की सगळे आधी सासूकडे बघतात, हे मी पेपरात वाचत आले आहे. तिला तेवढ्या कळांतही ते सुचले. मला फक्त माझी भीती सुचली.

रात्री गौतमचा बंगळूरहून फोन आला. तो म्हणाला, "आई, परेशान नक्को होऊ. शर्वरी जे बोलली तेच तू बोलायचं, बस. आता लफडा नक्को आपल्याला." त्याला खरे काय ते ठाऊक नव्हते. अजूनही नाही. हा कागद तो वाचेल तेव्हा त्याला कळेल. दुसऱ्या दिवशी मी पोलिसांना सांगितले की मी झोपले होते. मला लॉकअपची भीती वाटली. अजूनही वाटते. या खुर्चीवर बसूनही वाटते. त्याच दिवशी शर्वरीचे आईवडील आले. रंजनाताईंनी मला एकदाच विचारले, "तुम्ही तेव्हा कुठे होता हो?" मी त्यांनाही तेच सांगितले. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुम्ही तरी वाचलात." 

काल रविवारी दवाखान्यात सगळे होते. हेमंतराव गौतमला म्हणाले, "हे खेळ आता बंद. चांगली नोकरी सोडली, घर पेटवलं, हात घालवला. बरी झाली की पुण्याला नेतो. ते सामान उद्याच्या उद्या काढून टाक." गौतम म्हणाला, "हो बाबा, भंगारवाल्याला बोलवतो. एकदाचं साफ करतो सगळं." शर्वरी जागी होती.  ती म्हणणार काय? तिच्याच तोंडून गेले होते की तिने तवा चालू ठेवला. तिने माझ्याकडे पाहिले आणि भिंतीकडे तोंड केले. संक्रांतीला मी सगळ्यांसमोर बोलले तेव्हाही तिने भिंतीकडे तोंड केले नव्हते.

मी उठून पॅसेजमध्ये गेले. तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी काय केले आहे. मला वाचवायला ती जे बोलली, त्याच्या आधाराने तिची खोली रिकामी होणार आहे. जी बाई प्लग काढल्याशिवाय खाली दुधाची पिशवी आणायला गेली नाही, तिला सगळे आयुष्यभर निष्काळजी म्हणणार. आणि 'एक दिवस घर जाळशील' हे माझे बोलणे खरे ठरणार. मला ते खरे ठरायला नको आहे. ते खोटे होते. तिच्या खोलीत चार वर्षांत ठिणगी पडली नाही. मी अर्धा तास त्या खोलीत एकटी होते, तेवढ्यात ती पेटली.

रात्री सगळे गेल्यावर मी तिच्याजवळ थांबले. मी म्हणाले, "शर्वरी, मी उद्या ठाण्यात जाणार."  ती म्हणाली, "कशाला गेला होता खोलीत? मला तेवढंच कळलं नाही." इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदा विचारले. मी म्हणाले, तुझ्या टाचांसाठी. मलमाचे सगळे सांगितले. ती हसली, हात हलला म्हणून कळवळली, आणि म्हणाली, "अहो, मग मला सांगायचं ना. मेण-राळ मी चार वर्षं वितळवतेय. मी करून दिलं असतं तुमच्या आईचं मलम." आणि मग म्हणाली, "ती फळी तेवढी टाकू देऊ नका."

आज सकाळी गौतम दवाखान्यात गेल्यावर मी शर्वरीच्या खोलीला कुलूप लावले. चावी घेऊन मी इथे आले आहे. ती मी हिम्मतराव यांच्या टेबलावर ठेवली. ती जप्त करायची गरज नाही, असे सांगून त्यांनी परत दिली. भंगारवाला पाच वाजता येईल तेव्हा चावी घरात नसेल.

माझे म्हणणे असे की, माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. जप्त केलेला तवा आणि कुलूपबंद खोलीतला टॉर्च, हत्यारे, राळ आणि रंग हे माझ्या सुनेच्या कामाचे सामान आहे. तपासाचे काम संपल्यावर ते तिला परत मिळावे, गौतमला किंवा तिच्या वडिलांना नाही, तिलाच. त्यात दीड फूट बाय दीड फुटाची एक कोरी फळी आहे. तिच्या मध्यावर डब्याच्या तोंडाएवढे काळे वर्तुळ जळालेले आहे आणि एका कडेला पाच बोटांचे ठसे मेणात उमटलेले आहेत. ती पुसू नये, घासू नये, तिच्यावर दुसरे काही ठेवू नये. डॉक्टर म्हणतात की हात चालेल, पण पूर्वीसारखा चालेल का ते तीन महिन्यांनी सांगू. तोवर ती फळी जपून ठेवावी. मी विचारले नाही, पण तिला त्या फळीवर काम करायचे आहे असे मला वाटते.

कोणाच्या दबावाखाली हा जबाब दिला का, असे विचारण्यात आले. नाही. उलट मुलगा, सून, आणि आता हिम्मतराव, तिघांनीही मला गप्प बसायला सांगितले.

हा मजकूर हिम्मतराव यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मग चष्मा लावून मी स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. चौथ्या पानावर त्यांनी मायेने 'बाईंच्या हातून अनवधानाने' असे घातले होते, त्यातला 'अनवधानाने' हा शब्द मी काढायला लावला. कागद समोर होता आणि मला वाचता येते. वरच्या रकान्यात, घटनेचे कारण या जागी, जुन्या कागदावरून 'सुनेच्या हातून' असे उतरले होते. ते खोडून मी माझ्या अक्षरात 'माझ्या हातून' असे लिहिले आहे. खोडलेल्या दोन्ही ठिकाणी माझी सही आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

जबाब संपला दुपारी २ वाजून ३५ मिनिटे. बाई ऑटोने दवाखान्याकडे गेल्या.

सही : पद्मावती हणमंतराव बिराजदार
समक्ष : हिम्मतराव, हेड कॉन्स्टेबल